शिरोभिघातानंतरची वाढलेली नाडी : तीन रुग्णांच्या निमित्ताने

दि. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यातील टी-ट्वेंटी सामन्याच्या अखेरच्या षटकात शिवम दुबे याच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि पुढे त्याच्या जागी हर्षित राणा गोलंदाजीस उतरला. बदली खेळाडू नियमात बसत होता की नाही यावर नंतर पुष्कळ वाद झाला. त्या वादात आम्हांस रस नाही. मात्र त्यामुळे ‘कन्कशन’ हा शब्द घरोघरी पोहोचला, ही गोष्ट वैद्यांच्या दृष्टीने उपकारक ठरली. तोवर आमच्या चिकित्सालयात असे रुग्ण ‘डोक्याला मुका मार लागला होता, स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्याच वाक्यानिशी येत आणि घरच्यांच्या मते प्रकरण तेथेच संपलेले असे.

कन्कशन म्हणजे मेंदूस बसलेला हादरा. त्यात कवटी फुटत नाही, रक्तस्राव होत नाही, आणि म्हणूनच सी. टी. स्कॅनवर काही दिसत नाही. बिघाड होतो तो मेंदूच्या कार्यात. डोकेदुखी, चक्कर, प्रकाश व आवाज सहन न होणे, विसराळूपणा, निद्रानाश, चिडचिड ही लक्षणे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु काही रुग्णांत आणखी एक गोष्ट आढळते, जिच्याकडे आम्ही स्वतः अनेक वर्षे दुर्लक्ष केले. रुग्ण बिछान्यात स्वस्थ पडलेला असतो, ज्वर नाही, पांडुता नाही, तरीही त्याची नाडी वेगाने चालत राहते, आणि ती का, हे कोणत्याही अहवालात सापडत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात आम्ही व्यवसाय करतो. कारखान्यांतील अपघात, पावसाळ्यात खड्ड्यांतून घसरणाऱ्या दुचाक्या, गर्दीच्या लोकलमध्ये खांबावर आपटलेली डोकी आणि श्रावणातील दहीहंडीचा सराव, यांमुळे असे रुग्ण येथे कमी नाहीत. त्यांपैकी तिघांची हकीकत येथे मांडीत आहोत. पहिल्याबाबतीत चूक आमची होती, म्हणून ती अधिक विस्ताराने लिहितो.

बदलापूरचा रुग्ण

रुग्ण २७ वर्षांचा, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर काम करणारा, प्रकृतीने वातपित्तप्रधान. जुलै २०२३ मध्ये दहीहंडीच्या सरावात तो तिसऱ्या थरावरून कोसळला आणि त्याचा शंखप्रदेश खालच्या एका गोविंदाच्या गुडघ्यावर आपटला. काही क्षण तो भांबावला, एकदा वमन झाले. रुग्णालयात स्कॅन निर्दोष आले व ‘विश्रांती घ्या’ असे सांगून त्यास घरी पाठविण्यात आले. किती विश्रांती, कशी विश्रांती, हे कोणी सांगितले नाही व घरच्यांनी विचारले नाही. आईने खिडक्यांना चादरी लावल्या, मोबाईल काढून घेतला, जेवण हाती दिले. अशा रीतीने साडेतीन आठवडे तो तरुण जवळजवळ अखंड पडून होता.

आमच्याकडे आणले तेव्हा त्या माउलीचे पहिले वाक्य असे होते : ‘‘डॉक्टर, हा नुसता पडून असतो, तरी धावून आल्यासारखी छाती धडधडते याची.’’ पडल्या स्थितीत नाडी मिनिटास ९४ होती. ई. सी. जी. निर्दोष, रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड यथायोग्य. ६० ते १०० या सर्वमान्य मर्यादेत ९४ हा आकडा बसतोच, त्यामुळे प्रत्येक अहवालाखाली ‘नॉर्मल’ असाच शेरा होता. आधी पाहिलेल्या दोघांनी ‘टेन्शन आहे’ असे निदान केले होते. आम्हीही फार निराळे काही केले नाही. नाडी वातपित्तज, जिव्हा किंचित साम, निद्रा खंडित, असे पाहून ब्राह्मी वटी, पादाभ्यंग व रात्री सर्पगंधाघन वटी दिली आणि विश्रांती चालूच ठेवण्यास सांगितले.

आठव्या दिवशी नाडी ७६ वर आली. आम्ही संतुष्ट झालो व आईसही तसे सांगितले. रुग्ण मात्र जड, मंद व निरुत्साही झाला होता. ते आम्ही पाहिले, पण त्याचा अर्थ ‘झोप लागू लागली’ असा लावला. दहाव्या दिवशी पहाटे मोरीकडे जाताना तो उभ्याउभ्या कोसळला. दाराच्या चौकटीस खांदा लागला म्हणून डोके वाचले. त्या दिवशी पडून रक्तदाब १०४/६६ होता आणि उभे केल्यावर दोन मिनिटांत ८२/५४.

सर्पगंधेचे गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडले, १९५२ मध्ये तिच्यातील रेसरपीन वेगळे करण्यात आले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याच इतिहासाचा उत्तरार्ध, म्हणजे रेसरपीनने नाडी व रक्तदाब दोन्ही उतरतात, मनास अवसाद येतो आणि औषध थांबविल्यावरही परिणाम बरेच दिवस रेंगाळतो, हा आम्ही त्या प्रसंगी विसरलो. शिरोभिघाताच्या रुग्णात तर आणखी एक धोका असतो. ग्लानी वाढली तर ती औषधाची की मेंदूतील नव्या बिघाडाची, हे ओळखण्याचा मार्गच आपण बंद करून टाकतो. तेव्हापासून डोक्यास मार लागलेल्या रुग्णास पहिले काही आठवडे आम्ही सर्पगंधेचा कोणताही कल्प देत नाही.

औषध थांबविले. सुमारे दोन आठवड्यांनी त्याचा अंमल ओसरला तेव्हा नाडी पुन्हा ९२ झाली. म्हणजे व्याधी जेथे होती तेथेच होती, आम्ही केवळ आकडा झाकला होता.

त्याचा स्वतःचा आकडा

पुढचा मार्ग एका साध्या कागदाने दाखविला. कारखान्यात दरवर्षी कामगारांची वैद्यकीय तपासणी होते. तिची कार्डे त्याच्या थोरल्या भावाने शोधून आणली. तीन वर्षांतील नोंदी ६६, ६८ व ६४ अशा होत्या. ९२ हा आकडा पुस्तकाच्या दृष्टीने प्राकृत असला तरी त्या देहाच्या दृष्टीने तो मिनिटामागे सुमारे २५ ठोक्यांनी अधिक होता. ‘प्रकृतीस अनुसरून पाहावे’ असे आपण व्याख्यानांतून सांगतो आणि नाडीचा आकडा मात्र पाठ्यपुस्तकाच्या चौकटीशी ताडून पाहतो, हा विरोधाभास तोवर आमच्या ध्यानी आला नव्हता.

मग त्यास दहा मिनिटे उताणे झोपवून, नंतर भिंतीस टेकू न देता उभे करून नाडी मोजली. पडून ९२, उभा राहिल्यावर पहिल्या मिनिटास ११८, तिसऱ्यास १२२, पाचव्यास १२४, दहाव्यास १२६. रक्तदाब पडून ११८/७६ व उभ्याने ११४/७८, म्हणजे घसरण नाही. प्रौढ व्यक्तीत रक्तदाब न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढणे हे विकृत मानले जाते. १२ ते १९ वर्षे वयात ही मर्यादा ४० ची धरतात. लक्षणे तीन महिने टिकल्याखेरीज त्यास स्वतंत्र व्याधीचे नाव देऊ नये असा संकेत आहे, म्हणून आम्ही नाव देण्याची घाई केली नाही. सर्व नोंदी एका कागदावर लिहून रुग्णास कल्याणच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. तो कागद पाहून त्यांनी, विश्रांती पुरे झाली, असे स्पष्ट सांगितले. पाणी वाढवा, रक्तदाब ठीक असल्याने मीठ थोडे सढळ ठेवा आणि त्यास हळूहळू हालचालीवर आणा, एवढाच त्यांचा सल्ला होता.

नाडी का धावते

हृदयास मज्जातंतूंचा स्पर्शच नसेल तर ते तरुणपणी मिनिटास सुमारे शंभर वेळा चालते. प्रत्यारोपण केलेले हृदय विश्रांतीतही ९० ते ११० या वेगाने चालते ते याच कारणाने. आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते, कारण व्हेगस हा मज्जातंतू हृदयास अहोरात्र लगाम घालून असतो. हा लगाम धरणारी केंद्रे मेंदूच्या देठात व त्यावरील भागांत आहेत. हादऱ्याने त्यांची परस्पर जुळणी बिघडली की लगाम सैल पडतो, उत्तेजक मज्जासंस्थेचा जोर वाढतो आणि बसल्या जागी नाडी धावू लागते. काही रुग्णांत पडून असताना सारे ठीक असते व चालू लागताच बिघाड उघडा होतो. हृदय निर्दोष असते, म्हणून ई. सी. जी. काही बोलत नाही.

दुसरे कारण आपण स्वतः निर्माण करतो. १९६६ साली अमेरिकेतील डलास येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवण्यात आले. एवढ्या काळात त्यांची श्रमशक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वयाच्या तीस वर्षांनी केलेल्या हानीपेक्षा त्या तीन आठवड्यांची हानी मोठी होती असे आढळले. पडून राहण्याने रक्तातील द्रवांश कमी होतो, हृदयाचा प्रत्येक ठोका तोकडा पडतो आणि ती उणीव भरून काढण्यास ठोक्यांची संख्या वाढते. आमचा रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा साडेतीन आठवडे पडून होता. नंतरचे दिवस आम्ही त्यात घातले. त्याच्या ९२ पैकी किती वाटा हादऱ्याचा व किती चादरी लावलेल्या खोलीचा, हे वेगळे करून सांगणे कोणासही शक्य नाही.

आपल्या शास्त्राकडे वळावे तर वाग्भटाने प्राणवायूचे स्थान मूर्धा व व्यानवायूचे स्थान हृदय सांगितले आहे, आणि व्यान हा महावेगाने सर्व देहात संचार करणारा म्हटला आहे. चरकाने सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात शिर, हृदय व बस्ती ही तीन मर्मे एकत्र घेतली. शिरावर आघात झाल्यास होणाऱ्या लक्षणांत मन्यास्तंभ, चक्षुर्विभ्रम, मोह, उद्वेष्टन यांबरोबर श्वासाचाही उल्लेख त्याने केला आहे. मूर्ध्यातील प्राण विचलित झाला की हृदयातील व्यानाची गती बिघडावी, ही संप्राप्ती मांडण्यास आम्हांस अडचण वाटत नाही. मात्र ‘व्हेगस म्हणजेच प्राणवायू’ असे समीकरण परिषदांतून ऐकू येते, ते आम्हांस मान्य नाही. त्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो आणि रुग्णास काही मिळत नाही.

नाडीपरीक्षेबाबतही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सर्प, मंडूक, हंस या गती आपण शार्ङ्गधरापासून शिकलो. नुकतेच स्नान वा भोजन झालेल्या, क्षुधा-तृषेने पीडित, उन्हातून आलेल्या किंवा श्रमलेल्या व्यक्तीची नाडी नीट कळत नाही, हा दंडकही आपणांस पाठ आहे. आजचे शास्त्र विश्रांतीतील नाडी मोजण्यासाठी ज्या अटी घालते त्या याहून वेगळ्या नाहीत. तरीही जिना चढून आलेल्या रुग्णाचा हात पुढच्याच क्षणी आपण हाती घेतो, आणि संख्या मोजतो ती पंधरा सेकंद मोजून चौपट करून. आमच्या नोंदवहीत २०२३ पूर्वी नाडीची गती लिहिलेली आहे, संख्या फार थोड्या ठिकाणी आहे.

उभे राहण्यापासून चालण्यापर्यंत

डोक्यास हादरा बसलेल्या रुग्णास अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे निवेदन जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती व त्यानंतर चालण्यासारखी हलकी हालचाल सुचविली आहे. लक्षणे किंचित व तासाभरापेक्षा कमी काळ वाढली तर चालते, त्याहून अधिक वाढल्यास थांबावे. म्हणजे आमचा रुग्ण थरावरून पडला त्याच्या आदल्याच महिन्यात हे सारे छापून आले होते. त्यापूर्वी २०१९ मध्ये अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे डॉ. जॉन लेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ किशोरवयीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लक्षणे वाढण्यास ज्या नाडीवेगाला सुरुवात होते त्याच्या ८० टक्के वेग ओलांडू न देता रोज वीस मिनिटे व्यायाम घेणारा गट मध्यमानाने १३ दिवसांत बरा झाला, केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटास १७ दिवस लागले.

आम्ही हे सूत्र रुग्णास लावू गेलो तेव्हा पेच पडला. गल्लीत सावकाश चालविले असता नाडी १३८ झाली की त्याची डोकेदुखी वाढे. १३८ चे ८० टक्के म्हणजे सुमारे ११०, आणि हा गृहस्थ नुसता उभा राहिला तरी १२० ओलांडीत होता. तेव्हा चालणे बाजूस ठेवून पहिले दहा दिवस पडल्यापडल्या पायांचे व्यायाम दिले. त्यानंतर खुर्चीत बसून पायडल फिरविण्याचे लहान यंत्र आणविले. सकाळी दहा मिनिटे, सायंकाळी दहा मिनिटे, नाडी ११० च्या खाली. घड्याळावर विश्वास न ठेवता मधूनमधून बोटांनी मोजण्यास भावास शिकविले, कारण हालचालीत मनगटी घड्याळे चुकतात हे आम्ही पाहिले आहे. पाण्याचे प्रमाण दिवसास अडीच लिटर, सोबत कोकमाचे सार व मीठ घातलेले ताक. दिवसा झोप बंद, रात्री ठराविक वेळी पादाभ्यंग. शिरोधारेची सात सत्रे केली. त्या दिवसांत त्यास झोप चांगली लागली. नाडी शिरोधारेने उतरली की व्यायामाने, असे कोणी विचारल्यास शिरोधारेने उतरली असे आम्ही म्हणणार नाही.

सप्टेंबरच्या ७ तारखेस दहीहंडी होती. ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने त्याचे डोके इतके चढले की घरच्यांनी त्यास दिवसभरासाठी वांगणीस आत्याकडे नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशीची नोंद पडून ९६ अशी आहे. अशा चढउतारांनी रुग्ण खचतात, आणि वैद्यही औषध बदलण्याच्या मोहात पडतो. आम्ही काहीही बदलले नाही. तीन आठवड्यांनंतर उभ्याची नाडी ११२ वर आली व त्याने घरापासून स्थानकापर्यंत चालण्यास आरंभ केला. नवव्या आठवड्यात पडून ७४ व उभ्याने ९४ अशी नोंद झाली. बदलापूर ते अंबरनाथ प्रवास दहा मिनिटांच्या आतला असला तरी सकाळच्या लोकलमध्ये तो उभ्याने व घुसमटीत करावा लागतो, म्हणून पहिला पंधरवडा दुपारची पाळी मागून घेतली. कारखान्याने अर्धवेळ काम दिले ही त्यांची माणुसकी.

उल्हासनगरची भगिनी

प्रत्येक वाढलेली नाडी मेंदूच्या हादऱ्याची नसते. कॅम्प नंबर ५ मध्ये घरी जीन्स शिवण्याचे काम करणाऱ्या ४१ वर्षांच्या एका भगिनीस माळ्याच्या लाकडाचा मार लागला. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा नाडी ११२, तोंड कोरडे, हातास कंप. बदलापूरच्या रुग्णानंतर आमचे कान टवकारलेले असल्याने आम्ही लगेच त्याच दिशेस निघालो होतो. परंतु तोंडाच्या कोरडेपणाने अडविले. सर्व औषधे पिशवीत घालून आणा असे सांगितले. पिशवीत दम्याचा पंप निघाला, जो त्या दिवसातून सहा-सात वेळा घेत होत्या, आणि कनकासवाची बाटली निघाली, जे ओळखीच्या दुकानातून आणून ठरल्या मात्रेच्या दुप्पट चालू होते. धुळीने दमा वाढला होता, त्यात डोके दुखत असल्याने रात्री झोप नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या विचाराने मात्रा वाढविली होती. कनकासवातील धत्तुर व्हेगसचा लगाम सैल करतो व पंपातील सालब्युटामॉल हृदयास चाबूक लावतो. याखेरीज सकाळ-संध्याकाळ मिश्री होतीच. दम्याची चिकित्सा नीट लावून दिल्यावर व मात्रा सुधारल्यावर सहा दिवसांत नाडी ८४ झाली. त्यांचे कन्कशन केव्हाच बरे झाले होते.

‘अकारण’ हा शब्द लिहिण्यापूर्वी पिशवी पाहावी, असा नियम आम्ही त्यानंतर केला आहे. पांडुता, ज्वर, जलक्षय, थायरॉइडची वृद्धी, वेदना, चहा-तंबाखू, एकाएकी बंद केलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, हे सारे आधी तपासावे लागते. अश्वगंधेचाही येथे उल्लेख करतो. अभिघातानंतर बल्य म्हणून आपण ती सहज देतो, आणि बहुतेकांस ती मानवते. परंतु काही व्यक्तींत तिने थायरॉइडचे स्राव वाढल्याची वृत्ते प्रसिद्ध आहेत. नाडी वाढलेली असताना ती चालू ठेवायची असल्यास थायरॉइडची तपासणी करून मगच ठेवावी. आणि दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णास एकाएकी धाप, छातीत कळ किंवा एका पोटरीस सूज आली व नाडी वाढली, तर तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो. तेथे चिकित्सालयात एक क्षणही घालवू नये.

अंबरनाथचे आजोबा

उतरलेली नाडी पाहून समाधान मानण्याची जी चूक आम्ही बदलापूरच्या रुग्णात केली, तीच दुसऱ्या रूपाने घरच्यांकडून होताना आम्ही पाहिली. ७१ वर्षांचे निवृत्त गृहस्थ, हृदयाच्या अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू, जिन्यावर घसरून डोक्यास मार. पहिल्या तपासणीत स्कॅन निर्दोष. दोन आठवडे नाडी ८६ ते ९० अशी राहिली व आम्ही ती नोंदवीत होतो. तिसऱ्या आठवड्यात सुनेचा दूरध्वनी आला : ‘‘बाबांची नाडी आता चोपन्नवर आलीय, शांत झोपतात दिवसभर. डोकं तेवढं दुखतं म्हणतात. औषध तेच चालू ठेवू ना?’’ नाडी मंदावणारी कोणतीही गोळी त्यांस चालू नव्हती. आम्ही घरी गेलो तेव्हा रक्तदाब १७६/९० होता व ते हाक मारल्यावर उशिराने ओ देत होते.

कवटीच्या आतील दाब वाढला की रक्तदाब चढतो, नाडी मंदावते व श्वास अनियमित होतो, हे हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. त्याच तासाला त्यांस रुग्णालयात हलविले. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेले रक्त स्कॅनमध्ये दिसले. ठाणे येथे शस्त्रक्रिया झाली व ते बाराव्या दिवशी घरी परतले. वृद्धांत असे रक्त काही आठवड्यांनीही साठते आणि पहिले स्कॅन निर्दोष असले तरी ते पुढची हमी देत नाही. वाढती डोकेदुखी, वारंवार वमन, ग्लानी, एका अंगाची दुर्बलता, बोलण्यात फरक, आचके, किंवा नाक-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही असल्यास नाडीची चर्चा करीत बसू नये. नाकातून असा स्राव असताना नस्य तर मुळीच देऊ नये. शिरोरोगात नस्य श्रेष्ठ हे खरे, पण कवटीच्या तळास भेग असल्यास तोच मार्ग मेंदूपर्यंत उघडा असतो.

औषधालयांच्या बंधूंस

धत्तुर, वत्सनाभ, विषमुष्टी ही द्रव्ये औषध नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये असून ती असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते, ती वाचून दाखविणारे कोणी नसते. रुग्ण दुकानात ‘झोपेचं काहीतरी द्या’, ‘डोकं हलकं होईल असं द्या’, ‘दम्याचं मागचंच द्या’ असे म्हणतो. त्या वेळी ‘डोक्याला अलीकडे मार लागला होता का?’ एवढा एक प्रश्न आपण विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास सर्पगंधेचे कल्प, कनकासव व कुचल्याचे कल्प चिठ्ठीवाचून देऊ नयेत. एका बाटलीच्या विक्रीचा तोटा होईल हे आम्ही जाणतो. उल्हासनगरच्या ज्या दुकानदार बंधूंनी त्या भगिनीस कनकासव दिले होते, त्यांस आम्ही ही हकीकत सांगितली. त्यांनी काउंटरवर हा प्रश्न लिहून चिकटविला आहे आणि तेच आता आमच्याकडे असे रुग्ण पाठवितात.

आमच्या चिकित्सालयात अशा रुग्णांसाठी आम्ही एक साधे कार्ड केले आहे. त्यावर अपघातापूर्वीचा नाडीचा आकडा उपलब्ध असल्यास तो, नंतर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे पडून पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी, उभ्याने तिसऱ्या व दहाव्या मिनिटाची नाडी, दोन्ही स्थितींतील रक्तदाब, झोपेचे तास व चालू असलेली सर्व औषधे एवढेच रकाने आहेत. आदला आकडा मिळविण्यासाठी कारखान्याचे कार्ड, विमा तपासणी, रक्तदान शिबिराची पावती, प्रसूतिपूर्व नोंदी असे काहीही चालते.

बदलापूरच्या रुग्णाच्या कार्डावरील जानेवारी २०२४ ची नोंद पडून ६८ व उभ्याने ८४ अशी आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टच्या दहीहंडीस तो मंडळासोबत गेला होता, पण थरात चढला नाही. सरावाच्या वेळी लहान गोविंदांचे हेल्मेट तपासण्याचे काम त्याने मागून घेतले आहे.